भाड्याची गाडी कोणत्या दिवशी घ्यावी?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. डिसेंबरमध्ये मुलाच्या शाळेला सुट्टी लागली की तीन दिवस छत्रपती संभाजीनगर पाहायला जायचे ठरले आहे. मी, माझे यजमान, १३ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे आहोत. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे. सपाटीवर त्या अर्धा तास आरामात चालतात, पण पायऱ्या आल्या की थांबतात. शनिवारी रात्री रेल्वेने पोहोचायचे, रविवारी शहर, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ-दौलताबाद पाहून त्याच रात्री परतीची रेल्वे धरायची, असा बेत आहे. यजमानांचे म्हणणे असे की स्टेशनवर उतरल्यापासून परत चढेपर्यंत स्वतः चालवायची भाड्याची गाडी घ्यावी, म्हणजे पैसेही वसूल होतील आणि कुणाच्या मागे धावावे लागणार नाही. गाडी मलाच चालवावी लागेल, कारण घरात परवाना माझ्याकडेच आहे. दीर म्हणतात की भाड्याची गाडी हवीच कशाला, घरचीच गाडी समृद्धी महामार्गाने घेऊन जा. घरची गाडी ११ वर्षांची आहे. आम्ही काय करावे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

गाडीकडे थोड्या वेळाने वळू. आधी वार पाहू, कारण तुमचा बेत आहे तसाच राहिला तर कोणतीही गाडी तुम्हाला वाचवू शकणार नाही. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. तुम्ही सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ ठरवले आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणी तुम्ही बंद फाटकापुढे उभ्या राहिला असता, आणि त्यातल्या एका फाटकासाठी येऊन-जाऊन दोनशे किलोमीटरचा प्रवास झाला असता. सुदैवाने उपाय सोपा आहे. सोमवार आणि मंगळवार यांची अदलाबदल करा. रविवारी शहर, सोमवारी वेरूळ-दौलताबाद, मंगळवारी अजिंठा, असा क्रम लावला की बाकी सगळे जागेवर बसते.

आता गाडी. माझे मत स्पष्ट सांगते. स्वतः चालवायची गाडी रविवारी संध्याकाळपासून सोमवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे साधारण चोवीस तासांसाठी घ्या. रविवारचे शहर रिक्षाने पाहा आणि मंगळवारच्या अजिंठ्यासाठी चालकासह गाडी ठरवा. भाड्याची गाडी तीन दिवस ताब्यात असली म्हणजे तिचा तीन दिवस उपयोग होतोच असे नाही. जुन्या शहरात ती अडचण होते, लांबच्या रस्त्यावर ती एकट्या चालकाला थकवते, आणि या दोन्हींच्या मधल्या अंतरावर, जिथे चार-पाच ठिकाणे एकाच वाटेवर ओळीने वसली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचे हे आपल्या माणसांच्या पायांवर ठरते, तिथे तिच्याइतकी सोय दुसरी नाही.

दिरांच्या सूचनेबद्दल थोडक्यात. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूला भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे आणि डोंबिवलीहून तो गाठणे अवघड नाही, हे खरे. पण तो सरळ, एकसुरी, सिमेंट काँक्रीटचा रस्ता आहे. गाडीच्या टायरांची आणि चालवणाऱ्याच्या लक्षाची तो सारखीच परीक्षा घेतो. ११ वर्षांची गाडी आणि आळीपाळीने स्टिअरिंग धरायला दुसरे कुणी नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मी तरी रेल्वेच निवडेन. रेल्वेत सासूबाईंना पाय लांब करता येतील आणि तुम्हाला डोळे मिटता येतील.

रविवारी शहरात रिक्षा का, ते सांगते. या शहराची घडण समजली की कारण आपोआप कळते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावी हे नगर वसवले. पुढे त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर म्हटले, १६५३ पासून ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली तरी जुन्या वस्तीतल्या रस्त्यांची रुंदी घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्याच मापाची राहिली. शहराला बावन्न दरवाजे होते असे म्हणतात. त्यातले जे टिकले आहेत, त्यांपैकी काहींच्या कमानीखालून आजही रहदारी चालते. खाम नदीवरचे मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे तीन दरवाजे तर दरवाजा आणि पूल मिळून एकच वाट आहेत. समोरून रिक्षा, मागून दुचाकी आणि मधे आपण अशी गाठ तिथे पडली की पुढेही सरकता येत नाही आणि मागेही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः भाड्याची गाडी घेऊन अशाच एका कमानीतून जाण्याचा हट्ट केला. डाव्या बाजूचा आरसा दगडाला घासला, दारावर हातभर ओरखडा उठला आणि अनामत रकमेतली बरीच रक्कम गाडीच्या मालकाने ठेवून घेतली. पैशांपेक्षा जास्त वाईट याचे वाटले की चारशे वर्षांच्या त्या दगडावर माझ्या आरशाचा काळा पट्टा उमटला होता. तेव्हापासून जुन्या शहरात मी पायी किंवा रिक्षानेच फिरते आणि इतरांनाही तेच सांगते.

रविवारची सुरुवात बीबी का मकबऱ्यापासून करा आणि तिथे शक्य तितक्या लवकर पोहोचा, कारण सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर तिथे जत्रा लोटते. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ, तिचा मुलगा आझमशहा याच्या नावाशी जोडलेली ही वास्तू १६६० च्या सुमारास उभी राहिली. ताजमहालाची नक्कल म्हणून तिला हिणवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सवय बाजूला ठेवून पाहा. खालच्या भागाचा संगमरवर संपून वरचा चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ते मुलाला शोधायला सांगा. इतक्या बारीक कामाचा गिलावा करणारे हात कसे असतील, याचा विचार त्याच्या मनात आपोआप येईल. सासूबाईंसाठी इथली वाट सपाट आहे, चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या तेवढ्या आहेत. त्या नको असतील तर बागेतल्या मधल्या वाटेवर, कारंज्यांच्या रांगेपाशी बसूनही इमारत पूर्ण दिसते.

तिथून पाणचक्की जवळच आहे. टेकड्यांमधून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नळांनी कित्येक किलोमीटर आणून, ते उंचावरून पाडून त्याच्या जोराने पिठाची चक्की फिरवण्याची ही अठराव्या शतकातली योजना आहे. तिच्या आधी शंभरेक वर्षे मलिक अंबरने याच तत्त्वावर शहराला पाणी पुरवणारी नहर बांधली होती. पाणी बंदिस्त नळातून उतारावर वाहू दिले की ते स्वतःच्या दाबानेच पुढे चढते, हे मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात असेलच, इथे ते दगडात दिसते. भडकल दरवाजाही याच बाजूला आहे. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ मध्ये बांधला. रिक्षातून उतरून पाच मिनिटे उभे राहण्याइतका तो नक्कीच मोलाचा आहे. रविवारी एवढेच पुरे. दुपारी सासूबाईंना विश्रांती मिळू द्या. मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी सुंदर आहेत, पण तिथे चढ आहे आणि पुढचे दोन दिवस लेण्यांचेच आहेत, म्हणून या खेपेला ती सोडली तरी चालतील.

गाडी ताब्यात घ्यायला रविवारी संध्याकाळी पाचच्या आत जा. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि दिव्याच्या उजेडात जुने ओरखडे दिसत नाहीत. सगळ्यात आधी नंबरप्लेट पाहा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा रीतसर परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि तीवरची अक्षरे पिवळी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह चालणारी टॅक्सी, आणि पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ओळखीतून कुणी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देऊ करील. ती घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने देणे नियमात बसत नाही, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनी नेमके त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते. चार माणसांचा जीव ज्या गाडीत बसणार आहे, तिच्या बाबतीत पाच-सातशे रुपयांची बचत हा विचारच करू नये.

पाटी ठीक असेल तर गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारत मोबाईलवर व्हिडिओ घ्या. चारही दारे, दोन्ही बंपर, चाकांच्या रिंगा, आरसे, काच, आतल्या सीटा, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा हे सगळे त्यात आले पाहिजे, आणि मालकाचा माणूस त्यात बोलताना ऐकू आला तर आणखी चांगले. तो व्हिडिओ लगेच, तिथेच उभे राहून, त्याला पाठवून द्या. माझ्या ओरखड्याच्या वेळी चूक माझीच होती आणि तिचे पैसे मी द्यायलाच हवे होते, पण मागच्या बंपरवरच्या जुन्या पोच्याचेही पैसे माझ्याकडून घेतले गेले, कारण तो आधीपासून होता हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हते. नंतर चार प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे लेखी, निदान मोबाईलवरच्या निरोपात घ्या. चोवीस तासांत किती किलोमीटरची मुभा आहे आणि त्यापुढे दर काय, गाडीला काही झाल्यास माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, अनामत किती दिवसांत परत मिळणार, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर फोन कुणाला करायचा. तुमचा सोमवारचा फेरा शंभर किलोमीटरच्या आतबाहेर होईल, त्यामुळे मुभेची अडचण येणार नाही. डिकी उघडून जादा चाक आणि जॅक आहे ना, हे पाहा, आणि नोंदणी, विमा, प्रदूषण तपासणी ही कागदपत्रे गाडीत किंवा मोबाईलवर आहेत याची खात्री करा. गाडी अनोळखी असते, म्हणून निघण्यापूर्वी आसपासच्या मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे चालवून क्लच आणि ब्रेक पायात बसवून घ्या. रात्रीसाठी मुक्कामाच्या ठिकाणी आवारात गाडी लावायची सोय आहे का, हे खोली ठरवतानाच विचारा.

सोमवार हा तुमचा गाडीचा खरा दिवस. शहरातून निघाले की साधारण पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला, मग घाट चढून कागजीपुरा आणि खुलताबाद, मग उतरून वेरूळ, एकूण तीसेक किलोमीटर. सहलीच्या बहुतेक बस याच क्रमाने जातात, म्हणून तुम्ही उलट जा. पहाटे सव्वापाच-साडेपाचला निघा, कुठेही न थांबता थेट वेरूळ गाठा आणि परतताना एकेक ठिकाण घ्या. याचा आणखी एक लाभ आहे. धुळ्याकडे जाणारा हा जुना रस्ता दौलताबादच्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो. ती कमान इतकी अरुंद आहे की समोरासमोर दोन मोठी वाहने आली की एकाला थांबावेच लागते, आणि उन्हे वर आल्यावर तिथे रांगा लागतात. पहाटे तुम्ही त्या कमानीखालून निवांत जाल. तरीही गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्या, समोरच्याला आधी येऊ द्या आणि आरशांवर लक्ष ठेवा. पुढे घाटात पहाटेच्या अंधारात वळणे आहेत, तिथे घाई नको.

वेरूळला पोहोचल्यावर आधी घृष्णेश्वराचे दर्शन घ्या. सोमवार शंकराचा वार असल्याने दिवस चढेल तशी गर्दी वाढत जाते, पहाटे रांग बेताची असते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या देवळाचा आजचा लाल दगडातला घाट अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारला, आणि त्याआधी शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते. डिसेंबरच्या पहाटे मुलाला हे आधी सांगून ठेवा. देवळापासून थोड्याच अंतरावर अहिल्याबाईंनी बांधलेले शिवालय तीर्थ आहे. त्याच्या काठावरून खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची आखणी पाहिली की हे लाल कुंड केवळ पाण्यासाठी बांधले नव्हते हे पटते. भोसल्यांची गढीही याच गावात आहे. वेरूळ म्हणजे फक्त लेणी, असे धरून चालणाऱ्यांना ती दिसतच नाही.

मग लेणी. वेरूळची लेणी सूर्योदयाला उघडतात, म्हणून दर्शन आटोपून तुम्ही सातच्या सुमारास आत असाल. एकूण ३४ लेणी दीड-दोन किलोमीटरच्या कड्यात ओळीने आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी पाहण्याचा आग्रह धरला तर सासूबाईच काय, तुमचा मुलगाही दहाव्या लेण्यात कंटाळून बसेल. पहिले कैलास, म्हणजे लेणे क्रमांक १६, आणि त्यालाच दीड तास द्या. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, अखंड डोंगर वरून खाली तासत हे मंदिर काढले. पायापासून वर रचत न जाता कळसापासून खाली कोरत यायचे, म्हणजे एकदा चुकलेला घाव भरून काढायला दुसरा दगड नाही. हे मुलाला आत जाण्यापूर्वी सांगा आणि मग त्याला त्याच्या पद्धतीने फिरू द्या. अंगणात सासूबाईंना बरेच काही सपाटीवरूनच दिसते. पाठीवर सगळे देऊळ तोलून धरणारे हत्ती, स्तंभ, रावण कैलास हलवतो आहे तो शिल्पपट. वरच्या मंडपात जायला पायऱ्या आहेत. त्या चढाव्या की नाहीत हे त्यांच्यावर सोपवा, आग्रह करू नका.

कैलासाकडून दहाव्या लेण्याकडे जा. ते चैत्यगृह आहे, आणि त्याच्या छताला दगडातच लाकडी फासळ्यांसारख्या कमानी कोरल्या आहेत. म्हणूनच लोक त्याला सुताराची झोपडी म्हणत आले. नंतर जैन लेण्यांपैकी ३२ वे, इंद्रसभा. ते कैलासापासून दीड किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे पायी न जाता आवारात फिरणाऱ्या वाहनाने जा. एवढी तीन लेणी शांतपणे पाहिली तर तुम्ही वेरूळ पाहिले असे मी म्हणेन. बाकीची वेळ आणि पाय उरतील तशी. एक मान्य करायला हवे. हा कडा पश्चिमाभिमुख असल्याने लेण्यांत खरे ऊन दुपारनंतर शिरते आणि शिल्पे उजळतात ती तेव्हाच. वेरूळलाच मुक्काम असता तर मी तुम्हाला संध्याकाळी जायला सांगितले असते. पण सासूबाईंचे गुडघे, सोमवारची गर्दी आणि पुढचा किल्ला यांचा विचार करता सकाळच बरी. आवारात माकडे फार आहेत. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा आणि गाडीच्या काचा पूर्ण बंद करा.

साडेअकरा-बाराला जेवून परत निघा. घाट चढला की खुलताबाद लागते. सासूबाईंना भद्रा मारुतीचे दर्शन नक्की आवडेल, कारण निजलेल्या मारुतीची मूर्ती सहसा कुठे पाहायला मिळत नाही. औरंगजेबाची साधी कबर याच गावात आहे आणि ज्याच्या नहरीचे काम तुम्ही आदल्या दिवशी पाहिलेले असेल, त्या मलिक अंबरची कबरही इथेच. शहर वसवणारा माणूस शहरापासून इतक्या दूर, एका आडबाजूच्या घुमटाखाली निजलेला आहे. तिथे फार कुणी जात नाही. गाडी हाताशी असल्याने तुम्हाला जाता येईल, म्हणून मुद्दाम सांगते. पुढे कागजीपुरा लागेल. तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून हाती कागद बनवण्याची परंपरा सांगणारे हे गाव आहे. सहलीच्या बस इथे क्वचित थांबतात. तुम्ही मात्र अर्धा तास थांबा, मुलाला लगद्यापासून कागद कसा उचलतात ते पाहू द्या आणि चार कागद विकत घ्या.

दौलताबादला अडीचच्या सुमारास या. यादवांची देवगिरी ती हीच. अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये तिच्यावर स्वारी केली आणि महंमद तुघलकाने १३२७ मध्ये तिला राजधानी केले. इथे मात्र तुम्ही दोन गट करा. किल्ल्याचा खालचा भाग, म्हणजे तटाचे दरवाजे, तोफा, मोठा हौद आणि चाँदमिनार, बराचसा चालत पाहण्यासारखा आहे. सासूबाईंनी तिथपर्यंत यावे आणि सावलीत बसावे. त्यापुढे खंदक, अंधारी म्हणजे काळोखा बोगदा, आणि उभ्या पायऱ्या आहेत, तो भाग त्यांच्यासाठी नाही. त्यांच्यासोबत यजमानांनी थांबावे आणि मुलाला घेऊन वर तुम्ही जावे, अशी माझी आवर्जून सूचना आहे. अशा सहलीत गाडी चालवणारी, पिशव्या सांभाळणारी आणि ज्येष्ठांपाशी बसणारी बाई बहुतेक वेळा एकच असते. निदान देवगिरीचा माथा तरी तुमच्या वाट्याला यावा. अंधारीत वटवाघळे आहेत आणि पायाखालची पायरी दिसत नाही, तेव्हा मोबाईलच्या उजेडावर न विसंबता चांगली विजेरी न्या आणि एक हात भिंतीला ठेवून चढा. वर जाऊन यायला दोन-अडीच तास लागतात. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि त्यांचे स्थान गडावर आहे, हे उतरल्यावर सासूबाईंना सांगा. सर्वांत कष्टाची चढण दिवसाच्या शेवटी ठेवण्याचे कारण एवढेच की त्यानंतर तुम्हाला फक्त पंधरा किलोमीटर गाडी चालवायची आहे. किल्ल्यावरून उतरल्यावर लगेच स्टिअरिंगवर बसू नका. चहा घ्या, पोटऱ्या सैल होऊ द्या. अंधार पडण्याआधी शहर गाठून गाडी परत करा, जाताना जसा व्हिडिओ घेतला तसाच परत देतानाही घ्या आणि इंधन जितके होते तितके भरून द्या.

मंगळवारी अजिंठ्याला चालकासह गाडी का, असे यजमान विचारतील. जाण्या-येण्याचे दोनशे किलोमीटर, तेही फुलंब्री-सिल्लोडवरून जाणाऱ्या, ट्रकांनी भरलेल्या जळगाव रस्त्याने. आदल्या दिवशी तुम्ही पहाटे उठून किल्ला चढलेल्या असाल. आणि रात्री रेल्वे आहे. स्वतः चालवायची गाडी परत करताना ओरखडे आणि इंधन यांवरून जो अर्धा-पाऊण तास जातो, तो रेल्वेच्या वेळेला कधीही बांधू नये. चालक तुम्हाला थेट स्टेशनवर सोडेल आणि वाटेत तुम्ही झोपू शकाल. ठरवताना दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत, टोल आणि पार्किंग कुणाकडे, हे विचारून घ्या. रात्री अपुऱ्या झोपेचा चालक सकाळी सहाला येऊ नये, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत दुसरी फेरी नाही ना, हेही मोकळेपणाने विचारा. याचा राग चांगल्या चालकाला येत नाही.

अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी यांत गल्लत होते, ती टाळा. गाव आधी लागते, लेणी त्यापुढे घाट उतरल्यावर फर्दापूरजवळ आहेत. तिथल्या टी पॉइंटवर सगळ्या खासगी गाड्या थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. म्हणून पाणी, विजेरी, सासूबाईंची काठी आणि औषधे बसमध्ये चढण्याआधीच हातात घ्या, नंतर गाडीपर्यंत परत येणे होत नाही. लेणी नऊला उघडतात. सकाळी सहाला निघालात तर पहिल्या लोकांत तुम्ही असाल. बस जिथे सोडते तिथून वर चढ आहे, तो सासूबाईंनी डोलीत बसून पार करावा. डोलीत बसायला अनेक ज्येष्ठांना संकोच वाटतो. डोली वाहणारी माणसे याच कामावर घर चालवतात, हे त्यांना सांगा, आणि दर मात्र खालीच ठरवून घ्या.

पहिले आणि दुसरे लेणे वाटेवर आधी येते, ती दोन्ही गर्दी वाढण्यापूर्वी पाहून घ्या. नंतर १६, १७ आणि १९, आणि शेवटी २६ वे, जिथे महापरिनिर्वाणातील बुद्धाची पहुडलेली भव्य मूर्ती आहे. दहावे लेणे इथल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या खांबावर आपले नाव कोरले होते. चित्रांच्या लेण्यांत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि फ्लॅशला मनाई आहे. आत गेल्यावर दोन मिनिटे काहीही न पाहता नुसते उभे राहा, डोळे सरावले की भिंतीतून रंग वर येऊ लागतात. पादत्राणे काढावी लागतात, म्हणून नाड्यांचे बूट नकोत. गुडघ्याच्या माणसाला वाकून नाडी बांधणे हीच सर्वांत त्रासाची गोष्ट होते. मुलाला तिकीट लागणार नाही, १५ वर्षांखालील मुलांना दोन्ही लेण्यांत प्रवेश विनामूल्य आहे. त्याचे आधार कार्ड तेवढे जवळ ठेवा.

दुपारी दोनपर्यंत परतीच्या बसमध्ये बसा आणि जेवण टी पॉइंटवरच उरका, चालकालाही जेवायला वेळ द्या. घाटात किंवा सिल्लोडच्या बाजारात तासभर गेला तरी सातच्या आत तुम्ही स्टेशनवर असाल. आरक्षण मात्र रात्री नऊनंतरच्या रेल्वेचेच करा.